वहाबभाईशी अबोला

१२ फेब्रुवारी १९६१, रविवार. मलकापूर.

आज वहाबभाईने मला टीममधून काढलं.

दोन वर्षं मी राइट हाफला खेळतोय. मधल्या फळीत मी नसलो तर फॉरवर्डला बॉल देणार कोण? मागे येऊन अडवणार कोण? (मागे मी कमी येतो, पण आलो की अडवतो.) भुसावळची मॅच पंधरा दिवसांवर आणि यादीत माझ्या जागी शकील! डावा बूट कोणता आणि उजवा कोणता हे ज्याला बघून घालावं लागतं, तो शकील.

कारण विचारलं. वहाबभाई आमचा कॅप्टन, सेंटर हाफ, वय छत्तीस, धंद्याने टेलर. त्यामुळे प्रत्येक माणूस मापात बसवायची सवय. सगळ्यांसमोर म्हणाला, "सुखदेव, तू बॉल सोडतच नाही बे. कोंबडी हाये काय ते, काखेत घेऊन फिरतं? बाकीचे दहा जन काय गवत उपटायले येतात मैदानात?" सगळे हसले. शकील सगळ्यात जास्त.

ठराव. आजपासून वहाबशी बोलणं बंद. 'भाई' पण बंद, नुसता वहाब. रोज पहाटे साडेचारला उठून नळगंगेच्या पुलापर्यंत पळणार. आणि वर्षाच्या आत इंडियाकडून खेळणार. मग मलकापूर स्टेशनवर वहाब हार घेऊन उभा राहील आणि मी त्याच्याकडे बघणार नाही. बाजूला बघेन. किंवा बघेन, पण ओळखणार नाही. हे त्या वेळी ठरवू.

१३ फेब्रुवारी, सोमवार

सव्वासातला उठलो. केसरबाई मावशीने गजर बंद केला म्हणे, शेजारचं बाळ उठत होतं. ज्या घरात भाचा राहतो त्या घरात असं वागतात? मावशीचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं. तिथे मी यादी सुरू केली आहे. पहिला वहाब, दुसरा शकील, तिसरी मावशी.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

अबोल्याचा चौथा दिवस. बाजारात वहाब सायकलवरून समोरून आला. मी लगेच कांद्याच्या गाडीकडे तोंड फिरवलं. तोही काही बोलला नाही, सरळ निघून गेला. मनाला लागलेलं आहे त्याच्या. चेहऱ्यावरून दिसत होतं. (चेहरा नीट दिसला नाही, पण पाठीवरूनही कळतं.)

पळणं अजून सुरू नाही. थंडी आहे, स्नायू धरतात. शास्त्रीय कारण आहे.

२६ फेब्रुवारी, रविवार

भुसावळची मॅच. बघायला जाणार नव्हतो. मैदानाच्या कडेच्या चिंचेखाली उभा राहून लांबून बघितली.

जिंकलो, तीन-एक. म्हणजे ते जिंकले. माझ्याशिवाय जिंकायची काय गरज होती? शकील पोस्टमनसारखा खेळला. बॉल आला की दिला, आला की दिला. स्वतःचं असं काहीच नाही. आणि वहाब रोजा असून पूर्ण मॅच पळाला, पाण्याचा थेंब नाही. हे सगळं मला दाखवायला. छत्तीस वर्षांच्या माणसाने इतका डूख धरू नये.

मॅच संपल्यावर त्याने चिंचेकडे बघून हात वर केला. मी झाडामागे गेलो.

७ मार्च, मंगळवार

मोठी बातमी. नागपूरला ट्रायल आहे, वीस वर्षांखालच्या मुलांची. निवडलेले मद्रासच्या कॅम्पला आणि तिथून इंडियाची ज्युनिअर टीम सिलोनला! फॉर्म मिळाला. पण फॉर्मवर क्लबच्या कॅप्टनची सही पाहिजे. हा नियम करणाऱ्याचं नाव कळलं तर यादीत घालायचं आहे.

संध्याकाळी दुकानात गेलो. बोललो नाही. फॉर्म मशीनवर ठेवला आणि खोकलो. वहाबने फॉर्म वाचला, माझ्याकडे बघितलं, सही केली. खाली शिफारशीच्या रकान्यात बराच वेळ काहीतरी लिहीत बसला. मी वाचलं नाही. शत्रूचं अक्षर मी वाचत नाही. लिफाफ्यात घालून तिथेच चिकटवला. डिंक त्याचाच होता, पण आभार मानले नाहीत.

१८ मार्च, शनिवार

ईद. वहाबच्या घरून निरोप आला, शीरखुर्मा प्यायला ये. जाणार नव्हतो. मग विचार केला: अबोला बोलण्याचा आहे, खाण्याचा नाही. आणि सुगराबी भाभींनी माझं काय वाईट केलंय? तीन वाट्या घेतल्या. पूर्ण वेळ वहाबशी एक शब्द नाही. तो "और ले, और ले" करत होता, मी नुसती वाटी पुढे करत होतो. मला वाटतं, आता त्याला चांगलंच झोंबायला लागलंय.

२७ मार्च, सोमवार. नागपूर.

काल ट्रायल झाली. एका दमात चौघांना चकवलं. पाचव्याने पाडलं, पण चौघांना चकवलं! निवड करणाऱ्यांपैकी एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, पोरात दम आहे, पण कान नाहीत. अर्थ कळला नाही. कान आहेत मला.

यादी वाचली. माझं नाव नाही. जबलपूरचा एक हाफबॅक घेतला, त्याला पास देण्यापलीकडे काही येत नाही. सगळीकडे शकीलच भरलेत.

निवड समिती, जबलपूर: यादीत. पान भरत आलं.

१२ एप्रिल, बुधवार. मलकापूर.

तार आली! मद्रासला कॅम्पमध्ये दाखल व्हा! जबलपूरवाल्याला कांजिण्या आल्या. मी कोणाचं वाईट चिंतत नाही, पण यादीतल्या एकाचं परस्पर झालं याची नोंद असावी. खरं म्हणजे समितीला मीच हवा होतो, आधी नाव फोडायचं नव्हतं, एवढंच.

मी जिनात कापसाच्या वजनाच्या चिठ्ठ्या लिहितो. हेडक्लार्क शेषराव यांच्याकडे रजा मागायला गेलो. साहेब, इंडियाच्या टीममध्ये नाव आलंय, असं सांगितलं. ते म्हणाले, "इंडिया? कोनती इंडिया? ते सायकलवाल्याचं दुकान काय?" मी म्हणालो, देश. ते म्हणाले, "मंग जाय ना. सीझन तं संपलाच हाये. तुले तसंही काढाच लागत होतं." हे माझ्या इज्जतीसाठी बोलले नाहीत, हे मला कळतं. यादीत.

१६ एप्रिल, रविवार. धामणगाव बढे.

आशीर्वाद घ्यायला घरी आलो. सत्कार होईल असं वाटलं होतं. नारळ मी स्वतःच मलकापुराहून आणला होता, ऐनवेळी कोणाची पंचाईत नको म्हणून.

बाबा कांद्याच्या वावरात होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कांदा काढायले आला, अन् तू सिलोनले चाल्ला?" भगवंतकाका ओसरीवर होते. ते म्हणाले, "सिलोन म्हंजे रेडिओतलं काय? तुहं गानं लागन काय मंग?" सगळं गाव हसलं. तेव्हापासून जो तो विचारतोय, कोणतं गाणं म्हणणार. फुटबॉल म्हणून सांगितलं तर दोघांनी विचारलं, जाळी उंच असते का.

माय एकटी हसली नाही. दशम्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "पाय सांभाळजो." तिला यादीतून कायमची सूट. गाव यादीत. वेगवेगळी नावं लिहायला जागा नाही, म्हणून नुसतं 'गाव'.

नारळ मारुतीला मीच फोडला.

२० एप्रिल, गुरुवार. मलकापूर स्टेशन, सकाळी.

वहाब स्टेशनवर येऊ नये म्हणून गाडीची वेळ कोणालाच सांगितली नाही. फक्त चहावाल्याला, मावशीला आणि शकीलला. तरी आला. कसं कळलं देव जाणे. हातात कागदाची पुडी. नवी चड्डी शिवून आणली होती खेळायची, पांढरी, मापात. म्हणाला, "नाडी डबल टाकली. परदेशात फजिती नाही पाह्यजे." आणि म्हणाला, "डोकं वर करून खेळजो."

मी काही बोललो नाही. मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हती. गाडी हलल्यावर तो फलाटावर बराच लांबपर्यंत सोबत आला. मी खिडकीतून बघत होतो, पण मी आपला सिग्नल बघत होतो.

चड्डी घालणार नाही.

२७ एप्रिल, गुरुवार. मद्रास.

उकाडा भयंकर. चड्डी घातली. दुसरी फाटली.

कोचसाहेब बंगाली आहेत, मोठ्या टीमकडून खेळलेले. सकाळी पाचला पळायला लावतात. माझी तब्येत पहाटे पळण्याची नाही हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी आणखी दोन चकरा दिल्या. बॉलमध्ये हवा भरायचं काम माझ्याकडे दिलं आहे. सगळे बॉल, सकाळ-संध्याकाळ. इतक्या पोरांतून मलाच निवडलं, यावरून त्यांचा विश्वास दिसतो.

खोलीत माझ्यासोबत बंगलोरचा अँथनी आहे, राइट विंगवाला. म्हणजे मैदानात माझ्या पुढचाच. प्रॅक्टिसमध्ये सारखा "पास! पास!" ओरडतो. मी त्याला वहाबबद्दल सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, दोन तास. तो म्हणाला, मग हा वहाब आहे तरी कसा, तुला आवडतो का? माझं इंग्रजी त्याला समजलं नसावं.

६ मे, शनिवार. बोटीवर.

धनुष्कोडीहून बोट. इथून तलैमन्नारपर्यंत नुसतं पाणी. समुद्र पहिल्यांदा बघितला. उलटी. आणखी लिहवत नाही. उलटी.

९ मे, मंगळवार. कोलंबो.

पहिली मॅच. मी बाहेर. कोचसाहेब मला राखून ठेवत आहेत. समोरच्या टीमला माझा खेळ आधीच दिसू नये म्हणून. हरलो, दोन-शून्य. राखून ठेवण्याचा जरा अतिरेक होतोय असं वाटतं.

११ मे, गुरुवार. कोलंबो.

दुसरी मॅच. बाहेर. एक-एक.

दुपारी कोचसाहेबांना विचारलं, मला का घेत नाही? ते म्हणाले, "तुम बॉल छोड़ता नहीं." आमचे मॅनेजर नागपूरचे आहेत. ते म्हणाले, अहो, हे तर याच्या फॉर्मवर आधीच लिहिलेलं आहे. त्यांनी ट्रंकेतून फॉर्म काढला आणि माझ्या हातात दिला. वहाबचं अक्षर! जसंच्या तसं उतरवून घेतो, पुरावा म्हणून:

"खेळ अव्वल. दम भरपूर. बॉल सोडत नाही. ते सोडवून घ्यावे, मग असा हाफ सगळ्या वऱ्हाडात नाही. पोरगा मनाने साफ आहे."

बघितलं? बॉल सोडत नाही! माझ्या पाठीमागे, सरकारी कागदावर, दुसऱ्या देशात जाणाऱ्या फॉर्मवर! बाकीची वाक्यं रकाना भरायला लिहावीच लागतात. पण हे मुद्दाम. मी फॉर्म परत दिला. मॅनेजर म्हणाले, चांगलं लिहिलंय की रे तुझ्याबद्दल. तेही यादीत.

वहाबचा सूड घेतल्याशिवाय मी आता राहत नाही.

१४ मे, रविवार. कोलंबो. रात्रीच्या जेवणाआधी.

खेळलो. इंडियाकडून. अकरा मिनिटं.

सगळं खरं लिहायचं म्हणून लिहितो. आम्ही दोन-एक पुढे होतो. आमच्या राइट हाफच्या पायात गोळा आला. मैत्रीचा सामना असल्यामुळे बदली खेळाडू चालत होता. कोचसाहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "जाओ. सिर्फ पास."

गवत इतकं हिरवं की पाय ठेवताना वाईट वाटलं. तीन-चार मिनिटं बॉल आलाच नाही. मग आला. पहिल्याला चकवलं. लोक ओरडले. दुसऱ्याला चकवलं. उजवीकडे अँथनी एकटा उभा, समोर कोणी नाही, हात वर करून ओरडतोय. मला दिसला तो. खरंच दिसला. पण त्याच वेळी मनात आलं, हे वहाबने बघायला पाहिजे होतं. मलकापुरात बसून त्याला काय कळणार? तिसरा. तिसऱ्यालाही काढलं. चौथ्याने बॉल नेला आणि ते चार पासमध्ये गोलपाशी गेले. दोन-दोन.

सगळे आपापल्या जागी परत चालत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

शेवटच्या मिनिटाला बॉल पुन्हा माझ्याकडे आला. पायाला चटका बसावा तसा सोडून दिला, पहिल्याच टचला, अँथनीकडे. नेमका पास, त्याच्या पावलावर. अँथनीने गोलाच्या बारवरून मारला. म्हणजे वहाबची थिअरी खोटी. सोडला तरी काय झालं? हे लक्षात ठेवायचं आहे.

अंघोळीला गेलो. साबण फार वाईट इथला, डोळे लाल झाले. अँथनी दाराबाहेरून म्हणाला, इट्स ओके, माय मिस ऑल्सो. मी म्हणालो, डोळ्यांत साबण गेलाय.

१५ मे, सोमवार. कोलंबो.

इथल्या इंग्रजी पेपरात आलंय: 'एस. नारायण केम ऑन लेट.' नारखेडे लिहायला काय झालं होतं? कात्रण कापून ठेवलं. नारायणच्या खाली बारीक अक्षरात नारखेडे लिहिलं, निळ्या शाईत.

२२ मे, सोमवार. मलकापूर.

वर्ध्याहून अकोल्यापर्यंत गाडीत भाषण तयार केलं. दीड पान. "वहाब, ज्याला तू यादीतून काढलंस तो आज देशाच्या यादीत आहे," इथून सुरुवात. शेवट फार जोरदार. शेगावपर्यंत पाठ झालं.

स्टेशनवर कोणीच नाही. येतो म्हणून कार्ड टाकलं होतं, ते मावशीला मी घरी गेल्यावर तासाभराने मिळालं. हार घेऊन उभ्या माणसाला ओळख दाखवायची नाही, असं सगळं ठरवलं होतं. हारच नाही. बॅग ठेवली आणि तसाच दुकानात गेलो.

वहाबभाई मशीनवर होते. तोंडात टाचण्या. एक बाई ब्लाऊजच्या बाह्यांवरून वाद घालत होती. भाषणाची सुरुवात आठवेना. एकदम शेवटच आठवला. मी ओरडलो, "वहाबभाई, तीन महिने दहा दिवस मी तुमच्याशी एक शब्द बोललो नाही!"

वहाबभाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"कवा?" ते म्हणाले.

मी म्हणालो, बारा फेब्रुवारीपासून. बाजारात, मैदानात, ईदला, स्टेशनवर. कुठेच नाही बोललो.

त्यांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "हाव बे. खरंच." आणि म्हणाले, "मले वाटलं तू सुधारला. मी घरी बी म्हनलो, सुखदेव आताशी पह्यल्यासारखी बडबड नाही करत, आयकून घेते, समजदार झाला पोट्टा. सुगराबी बी म्हने, हाव, लई शांत झाला."

मग त्यांनी विचारलं, "सिलोनात खेळला काय?"

म्हणालो, अकरा मिनिटं.

ते उठले. गल्लीत जाऊन ओरडले, "अरे, अकरा मिनिटं! हिंदुस्थानकडून! आपला सुखदेव!" पानवाला आला, सायकलवाला आला, ब्लाऊजवाल्या बाईनेही माझ्या डोक्यावर हात ठेवला. दोन-दोन कसं झालं ते कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. चहा झाला, दोनदा.

सूड बोलून घ्यायचा नसतो. करून घ्यायचा. भाषण फाडून टाकलं. मैदानावर बघू.

२८ मे, रविवार. संध्याकाळी.

खामगावशी मॅच. वहाबभाईंच्या दुकानाच्या दारावर सकाळी यादी लागली होती. माझं नाव होतं. सगळ्यात खाली, लाइन्समन. प्रत्येक क्लबने आपला एक द्यायचा असतो. राइट हाफला शकील. वहाबभाई म्हणाले, "तू लांबून आला, थकला. अन् टीम जमून राह्यली आता. या खेपेले झेंडा धर."

इंडियाचा खेळाडू आणि झेंडा! धरला. कारण माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. झेंडा म्हणजे अधिकार.

पूर्ण मॅच वाट बघितली. दोन-एक मागे होतो, पाचेक मिनिटं राहिलेली. शकीलने बॉल वर टाकला, वहाबभाई पुढे धावले आणि डोक्याने गोल. बरोबरी! सगळं मैदान उड्या मारत होतं. आणि माझा झेंडा वर. ऑफसाइड.

रेफ्रीने शिट्टी मारली. गोल रद्द. हरलो.

शकील मला मारायलाच आला. "आपलाच मानूस, अन् आपल्यालेच!" म्हणत होता. बाकीचे त्याच्या मागे. मी झेंडा छातीशी धरून उभा. तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी पूर्ण झालं होतं.

वहाबभाई मधे आले. जर्सीच्या बाहीने घाम पुसला. सगळ्यांना म्हणाले, "सोडा त्याले. मी पुढंच होतो. त्यांच्या बॅकच्या हातभर पुढं होतो. त्यानं बरोबर पाह्यलं."

शकीलने थुंकून तोंड फिरवलं.

खरी गोष्ट फक्त इथे लिहितो. शकीलने बॉल टाकला तेव्हा मी तिकडे बघतच नव्हतो. झेंडा आधी उचलला. मग बघितलं.

कपडे बदलताना वहाबभाई माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "पुढच्या रविवारी बुलढाण्याची टीम येते. झेंडा तूच धरजो. तुह्यासारखा इमानदार मानूस दुसरा कोन हाये आपल्याकडे?"

हो म्हणालो.